सहा हजारांची गिटार, नव्वद हजारांची गिटार: फरक नेमका कुठे असतो?

वाद्यांच्या दुकानात एकाच भिंतीवर दोन अकूस्टिक गिटारी टांगलेल्या असतात. दोघींना सहाच तारा, मधे तसंच गोल भोक, रंगही जवळपास सारखा. एकीची किंमत सहा हजार, दुसरीची नव्वद हजार. परदेशातल्या एखाद्या कारागिराकडून खास बनवून घ्यायची म्हटली तर आकडा काही लाखांत जातो. मुलीला क्लास लावायचाय म्हणून आलेले आईवडील विचारतात, "फरक काय आहे हो?" दुकानदार म्हणतो, "लाकूड बघा ना, आवाजच वेगळा." शेजारी तारा छेडायची पिक निवडत उभा असलेला कॉलेजचा मुलगा म्हणतो, "काका, सगळं बोटांवर असतं, कुठलीही घ्या."

दोघांचंही थोडं खरं आहे, पण आईवडिलांना त्याचा उपयोग होत नाही. माझं उत्तर आधीच सांगून टाकतो. एक गिटार दुसरीपेक्षा खरोखर चांगली असू शकते, आणि ते मोजून दाखवता येतं. मात्र ज्या गोष्टींमुळे ती चांगली ठरते त्यांच्याविषयी दुकानात फारसं कोणी बोलत नाही. ज्यांच्याविषयी भरभरून बोललं जातं त्यातल्या काही तर डोळे झाकल्यावर ओळखूही येत नाहीत.

आवाज काढतं कोण?

तार बारीक असते. ती कितीही जोरात छेडली तरी स्वतः फारशी हवा हलवू शकत नाही. इलेक्ट्रिक गिटार ॲम्प्लिफायरला न जोडता वाजवली की हे लगेच कळतं. अकूस्टिक गिटारमध्ये हवा हलवण्याचं काम समोरची पातळ फळी करते. तिला टॉप म्हणतात. तारांची एक टोकं टॉपवर चिकटवलेल्या ब्रिजमध्ये अडकवलेली असतात आणि तिथून त्या एका उभ्या पट्टीवरून पुढे जातात, ती सॅडल. तार थरथरली की सॅडलमार्फत ब्रिज हलतो, ब्रिजबरोबर टॉप हलतो, आणि टॉप आपल्या पुढची-मागची हवा हलवतो. आपण ऐकतो तो आवाज प्रामुख्याने या फळीचा आणि पोटातल्या हवेचा.

आता या फळीची अडचण पाहा. पोलादी तारांचा नेहमीचा सेट सुरात लावला की सहाही तारांचा मिळून ताण सुमारे ७० ते ७५ किलो भरतो. एवढा ताण रात्रंदिवस, वर्षानुवर्षं सोसायचा, आणि सोसणारी फळी असते जेमतेम तीन मिलिमीटर जाडीची. म्हणून तिला आतून लाकडी पट्ट्यांचा आधार देतात, त्याला ब्रेसिंग म्हणतात. अमेरिकेत सी. एफ. मार्टिन यांच्या कारखान्यात १८४०च्या दशकात फुलीच्या आकाराचं ब्रेसिंग वापरात आलं आणि आजच्या बहुतेक पोलादी तारांच्या गिटारी त्याच मांडणीवर बनतात. टॉप जाड आणि पट्ट्या दणकट ठेवल्या तर गिटार टिकते, पण फळी हलायला जड होते आणि आवाज कोंडतो. सगळं हलकं केलं तर आवाज मोकळा येतो, पण काही वर्षांत ब्रिजमागे फळी फुगण्याची भीती. गिटार बनवणाऱ्याचं बहुतेक कौशल्य या दोन टोकांच्या मधली योग्य जागा शोधण्यात जातं.

पोटातली हवाही रिकामी बसलेली नसते. नेहमीच्या आकाराच्या गिटारीत ती सेकंदाला सुमारे १०० कंपनांच्या आसपास स्वतःहून घुमते, आणि टॉप त्याच्या साधारण दुप्पट, २००च्या जवळपास. जाड सहावी तार सेकंदाला ८२ वेळा कंप पावते आणि पाचवी ११० वेळा, म्हणजे हवेचा घुमारा या दोघींच्या मधे पडतो. भोकाजवळ तोंड नेऊन खालच्या पट्टीत "ऊऽऽ" करत सूर हळूहळू वर-खाली सरकवा. एका ठिकाणी गिटार अचानक तुमच्याबरोबर घुमायला लागेल. दोन गिटारींच्या या जागा किंचित वेगळ्या असतात. एकीचा खर्ज भरदार आणि दुसरीचा पोकळ वाटण्याचं एक मोठं कारण हेच.

मोठा आवाज म्हणजे चांगला आवाज का?

बऱ्याच जणांची परीक्षा इथेच संपते. एक कॉर्ड, म्हणजे एकत्र छेडलेले काही स्वर, वाजवायची, जी जोरात वाजली ती चांगली. पण गिटारीला बाहेरून वीज मिळत नाही. तुमच्या बोटाने तारेला जेवढी ऊर्जा दिली तेवढीच तिच्याकडे असते. महिन्याचा ठरलेला पगार असावा तसं हे आहे: पहिल्या आठवड्यात सढळ हाताने उडवला तर महिनाअखेर खिसा रिकामा, आणि जपून वापरला तर रोज थोडंथोडं पण शेवटपर्यंत पुरतं. हलका, चटकन हलणारा टॉप ही ऊर्जा पटकन हवेत देऊन टाकतो. स्वर मोठा येतो आणि लवकर विरतो. जड टॉप ती हळूहळू सोडतो. स्वर हळू, पण लांबतो. हिशेब नीट ठेवला तर त्याच पगारात अधिक भागतं, हेही खरं. काही ऊर्जा लाकडाच्या आत नुसती उष्णता होऊन वाया जाते, आणि उत्तम गिटारीत ही गळती कमी असते. पण पगार वाढत नाही.

म्हणूनच एका मर्यादेनंतर "कुठली चांगली" याला "कशासाठी" हे विचारल्याशिवाय उत्तर नसतं. मोकळ्या अंगणात दहा जण गात असताना साथ करायची तर खाडकन बोलणारी, मोठ्या पोटाची गिटार हवी. एकेक तार बोटांनी छेडत संथ धून वाजवायची तर स्वर धरून ठेवणारी, लहान अंगाची गिटार अधिक शोभते. पहिली दुसरीचं काम नीट करणार नाही आणि दुसरी पहिलीचं. इथे श्रेष्ठ-कनिष्ठ ठरवत बसण्यात अर्थ नाही.

मग सगळंच आवडीवर सोडायचं?

नाही, आणि हा मुद्दा मला सगळ्यात जवळचा आहे. काही बाबतींत गिटार सरळ सरळ वाईट असते. त्याला आवडनिवड म्हणणं म्हणजे शिकणाऱ्या मुलावर अन्याय आहे.

गिटारच्या मानेवरच्या पट्टीवर धातूच्या आडव्या तारा ठोकलेल्या असतात, त्या फ्रेट. बाराव्या फ्रेटवर तारेची लांबी बरोबर निम्मी होते आणि स्वर एक सप्तक वर जातो. फ्रेटच्या जागा गणिताने ठरतात. आज बहुतेक कारखान्यांत त्यांच्या खाचा संगणकावर चालणारी यंत्रं पाडतात, त्यामुळे स्वस्त गिटारीतही फ्रेट सहसा जागच्या जागी असतात. घोळ होतो तो तारांच्या उंचीत. तार फ्रेटपासून किती वर आहे याला ॲक्शन म्हणतात. तार दाबताना ती किंचित ताणली जाते, आणि ताणली की स्वर चढतो. जितकी उंची जास्त, तितका ताण जास्त, तितका स्वर जास्त चढा. नीट लावलेल्या गिटारीत बाराव्या फ्रेटवर जाड तार सुमारे अडीच मिलिमीटर वर असते आणि बारीक तार दोनच्या आसपास. खोक्यातून काढलेल्या स्वस्त गिटारीत हेच अंतर साडेतीन-चार मिलिमीटर भरणं नवलाचं नाही.

त्याहून दगाबाज जागा म्हणजे वरच्या टोकाची, जिथे तारा खाचांमधून पट्टीवर उतरतात तो नट. कारखान्यात या खाचा पुरेशा खोल घासायला माणसाचा हात आणि वेळ लागतो. स्वस्त गिटारीत तोच वाचवलेला असतो. खाचा उंच राहिल्या की पहिल्या-दुसऱ्या फ्रेटवर तार दाबायला जास्त जोर लागतो आणि स्वर चढा येतो. शिकणाऱ्याचं सगळं आयुष्य सुरुवातीला याच दोन-तीन फ्रेटवर असतं! दोन लगतच्या स्वरांमधल्या अंतराचे शंभर भाग केले तर एकेका भागाला सेंट म्हणतात. तयार कानाला पाच-सहा सेंटचा फरक जाणवतो. उंच नटवर पहिल्या फ्रेटचा स्वर त्याहून सहज जास्त चढतो. मुलगी मोकळ्या तारा ट्यूनरवर, म्हणजे सूर दाखवणाऱ्या यंत्रावर, बिनचूक लावते, कॉर्ड धरते, आणि कॉर्ड आंबट येते. ती पुन्हा लावते, पुन्हा तेच.

एफ कॉर्डवर किती मुलांनी गिटार सोडली असेल, देव जाणे. पहिल्या फ्रेटवर एका बोटाने सहाही तारा दाबायच्या, बोटाला घट्टे पडतात, तरी अर्ध्या तारा मुक्या राहतात. घरचे म्हणतात सराव कमी पडतोय, आणि मूल समजतं की आपल्याला जमणारच नाही. कितीतरी वेळा दोष बोटांत नसतो. नटच्या खाचा अर्धा मिलिमीटर उंच असतात, एवढंच.

आनंदाची गोष्ट ही की हा दोष बहुतेक वेळा दुरुस्त होतो. नटच्या खाचा घासणं, सॅडल खालून घासून कमी करणं, मानेतली लोखंडी सळई, म्हणजे ट्रस रॉड, फिरवून मानेचा बाक ठीक करणं आणि वर आलेले फ्रेट सपाट करणं, या सगळ्याला मिळून सेटअप म्हणतात. चांगल्या कारागिराकडे तो काही शे ते दोनएक हजार रुपयांत होतो. मिरजेत तानपुऱ्याची जवारी काढून आणणाऱ्या गवयाला हे समजावून सांगावं लागत नाही. तोच भोपळा, त्याच तारा, पण घोडीवर योग्य हात फिरला की वाद्य बोलू लागतं. गिटारवाल्यांनी मात्र हे अजून पुरतं मनावर घेतलेलं नाही. सेटअप केलेली आठ हजारांची गिटार ही सेटअप न केलेल्या पंचवीस हजारांच्या गिटारीपेक्षा चांगली असते. हे मत मी कुठेही ठामपणे मांडायला तयार आहे.

लाकडाचं काय? त्याचेच तर पैसे घेतात!

इथे दोन लाकडं वेगळी केली पाहिजेत. टॉपचं एक, आणि मागच्या व बाजूच्या फळ्यांचं दुसरं. जाहिरातीत दुसऱ्याचंच नाव मोठं असतं, कारण ते दिसायला देखणं आणि दुर्मीळ असतं.

स्पेनमधले अंतोनिओ दे तोरेस हे आजच्या क्लासिकल गिटारचे जनक मानले जातात. त्यांनी १८६२ मध्ये एक गिटार बनवली. टॉप लाकडाचा, पण पाठ आणि बाजू कागदाच्या लगद्याच्या. आवाज टॉप घडवतो, पाठ नव्हे, हे त्यांना दाखवायचं होतं. ती गिटार आजही बार्सिलोनाच्या संगीत संग्रहालयात आहे. अमेरिकेत बॉब टेलर यांनी १९९५ मध्ये माल वाहून नेण्याच्या टाकाऊ पॅलेटच्या फळ्यांपासून गिटार बनवली आणि ती उत्तम वाजली. चांगली गिटार लाकडाच्या नावावर नव्हे, कौशल्यावर अवलंबून असते, हेच त्यांना म्हणायचं होतं.

अर्थात एकेका गिटारीवरून काही सिद्ध होत नाही. म्हणून २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेला इंग्लंडच्या लँकेस्टर विद्यापीठातला प्रयोग महत्त्वाचा. एकाच कारागिराकडून सहा गिटारी बनवून घेतल्या. रचना तीच, फरक फक्त पाठीच्या आणि बाजूच्या लाकडाचा. त्यात अतिशय महाग ब्राझिलियन रोजवूड होतं, भारतीय रोजवूड होतं, महोगनी, मेपल, सपेली आणि अक्रोडही होतं. ५२ गिटारवादकांनी त्या मंद प्रकाशात, डोळ्यांवर वेल्डरचे काळे चष्मे लावून वाजवल्या. आवाजाला दिलेले गुण सहाही गिटारींना जवळपास सारखेच मिळाले. काही जणांना दोन गिटारी वेगळ्या ओळखून दाखवायला सांगितलं, तेव्हा तेही नीट जमलं नाही.

या यादीतलं भारतीय रोजवूड म्हणजे आपली शिसव. सह्याद्रीच्या जंगलात वाढणारी, जुन्या वाड्यांतल्या शिसवी पलंगांची आणि देव्हाऱ्यांची. मार्टिन कंपनीने १९६९ मध्ये ब्राझिलियन रोजवूड मिळेनासं झालं म्हणून आपल्या नेहमीच्या गिटारींसाठी भारतीय रोजवूड घ्यायला सुरुवात केली. ब्राझिलियन झाडावर १९९२ मध्ये आंतरराष्ट्रीय व्यापाराची कडक बंदी आली. तेव्हापासून "जुन्या ब्राझिलियनचा आवाज" ही दंतकथा वाढतच गेली आणि किमतीही. डोळे झाकल्यावर जो फरक निसटतो त्यासाठी एक झाड दुर्मीळ होण्याच्या कडेला जावं, याचं मला खरंच वाईट वाटतं. शिसवीचं झाड मोठं व्हायलाही पिढ्या जातात.

तरी मला फरक ऐकू येतो!

येत असेलच. तो खोटा आहे असं मी म्हणत नाही. फरक कशामुळे येतोय, एवढंच तपासायचं आहे.

दुकानातल्या दोन गिटारींवरच्या तारा सारख्या वयाच्या नसतात. घाम आणि धूळ बसलेल्या तारेतले बारीक, चमकदार उपस्वर आधी मरतात. महिनोन्‌महिने भिंतीवर हाताळली गेलेली गिटार म्हणून मंद वाटते. तारांची जाडी वेगळी असेल तर आवाज वेगळा. तुम्ही पहिली ब्रिजजवळ छेडली आणि दुसरी भोकावर, तर तो फरक दोन लाकडांमधल्या फरकापेक्षा मोठा असतो. शिवाय किंमत ठाऊक असताना हातही वेगळा पडतो. महागड्या वाद्यावर आपण अधिक मन लावून वाजवतो आणि ते अधिक छान ऐकू येतं.

व्हायोलिनचा किस्सा तर प्रसिद्धच आहे. संशोधक क्लॉडिया फ्रिट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० मध्ये अमेरिकेत इंडियानापोलिसला २१ वादकांना डोळ्यांवर गॉगल लावून सहा व्हायोलिनं वाजवायला दिली. तीन नवी, तीन अठराव्या शतकाच्या आसपासची. जुन्यांत दोन स्ट्रॅडिव्हरी या जगप्रसिद्ध इटालियन कारागिराची होती. सर्वांत कमी पसंती मिळाली ती एका स्ट्रॅडिव्हरीला. पुढे पॅरिसजवळ दहा नामांकित एकलवादकांबरोबर अशीच चाचणी झाली, तेव्हाही दहातल्या सहांनी नवं वाद्य निवडलं. लक्षात घ्या, त्यांनी निवड केलीच. सगळी वाद्यं सारखीच, असं कोणी म्हटलं नाही. आवडीनिवडी स्पष्ट होत्या, पण त्या वय आणि किमतीच्या रेषेवर चालत नव्हत्या.

मग हातानं बनवलेल्या गिटारीचे पैसे फुकट जातात?

मुळीच नाही. टॉपकडे परत या. टॉपसाठी वापरतात त्या स्प्रूस झाडाच्या एकाच खोडातून कापलेल्या दोन फळ्याही सारख्या ताठ नसतात. फळीचा ताठपणा जाडीच्या घनाप्रमाणे बदलतो. जाडी फक्त दहा टक्के कमी केली तर ताठपणा सुमारे सत्तावीस टक्क्यांनी उतरतो. कुशल कारागीर प्रत्येक फळी वाकवून, ठोकून, मोजून बघतो आणि त्या फळीला साजेल तेवढीच ती पातळ करतो. ब्रेसिंगही तसंच तासतो. कारखान्याला हे परवडत नाही. तो सगळ्या फळ्या एकाच जाडीच्या ठेवतो, आणि वॉरंटीत परत येऊ नयेत म्हणून थोड्या जास्तच जाड. त्यामुळे कारखान्यातून एकाच मॉडेलच्या दोन गिटारी वेगळ्या वाजतात, कारण फळी वेगळी आणि जाडी तीच. पाठीच्या लाकडाचं नाव नव्हे, हे टॉपवरचं काम विकत घेण्यासारखं आहे.

सॉलिड टॉप आणि लॅमिनेट टॉप हा फरकही खरा आहे. सॉलिड म्हणजे एकसंध लाकडाची फळी. लॅमिनेट म्हणजे प्लायसारखे एकावर एक चिकटवलेले पातळ थर. सॉलिड टॉप वजनाच्या मानाने ताठ आणि हलायला मोकळा असतो, आवाज बहुधा अधिक भरलेला येतो. पण त्याला हवा सोसत नाही. बनवणारे ४५ ते ५५ टक्के आर्द्रता राखायला सांगतात. मुंबई-कोकणात जुलैत ती ८०च्या वर असते. लाकूड फुगतं, टॉप वर येतो, ॲक्शन चढते. विदर्भात मे महिन्याच्या दुपारी हवा कोरडी ठणठणीत होते, मग फळीला चीर जाते आणि फ्रेटची टोकं बोटांना टोचू लागतात. ज्या घरात गिटार वर्षभर कपाटावर उघडी राहणार आहे, तिथे लॅमिनेट टॉपची गिटारच शहाणपणाची.

जुनी गिटार मुरते म्हणतात, ते?

लाकूड वर्षानुवर्षं हळूहळू बदलतं, हे खरं. पण "वाजवून वाजवून आवाज उघडतो" याला फारसा आधार सापडलेला नाही. ऑस्ट्रेलियात एकाच कारागिराने दोन जुळी व्हायोलिनं बनवली. एक वादकाकडे नियमित वाजत राहिलं, दुसरं सिडनीच्या संग्रहालयात जपून ठेवलं. तीन वर्षांनी तुलना केली तेव्हा दोघांत ठसठशीत फरक आढळला नाही. वर्षभरात गिटारीपेक्षा वाजवणाराच जास्त बदलतो, असं मला वाटतं.

दुकानात गेल्यावर

किंमत आणि लेबल न बघता आधी हातात घ्या, किंवा बरोबरच्या माणसाला वाजवायला सांगून पाठ करून ऐका. बाराव्या फ्रेटवर तारेला नुसतं बोट टेकवून छेडा, घंटेसारखा बारीक स्वर येईल. मग तिथेच तार दाबून छेडा. फोनवरच्या ट्यूनरमध्ये दोन्ही स्वर जुळले पाहिजेत. प्रत्येक तार प्रत्येक फ्रेटवर एकदा वाजवा, कुठे करकरते का ऐका. तिसऱ्या फ्रेटवर तार दाबून धरा आणि पहिल्या फ्रेटवर तिच्याखाली किती फट राहते ते बघा. कागद जेमतेम सरकेल इतकी हवी. नखभर असेल तर नट उंच आहे. ब्रिजमागे टॉप फुगलाय का, ते आडव्या नजरेने पाहा.

या परीक्षेत उतरलेली सर्वांत स्वस्त गिटार घ्या आणि उरलेल्या पैशांत नव्या तारा आणि सेटअप करून घ्या. हातात देताना मुलीला एवढं सांगा, की पहिल्याच आठवड्यात एफ कॉर्डला बोटं फारच दुखली तर लपवू नकोस, आपण गिटार परत दाखवून आणू.